पलीकडचा हात

"ती इन्स्टॉलेशन करते," चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि लिफ्टकाकांचा जीव भांड्यात पडला.

गेले काही महिने घरात ही एकच काळजी होती. मुलगा कुणाच्या तरी प्रेमात पडलाय हे त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टांवरून कळलं होतं. पण ती मुलगी करते काय, असं विचारलं की तो "सांगीन" म्हणून पाणी प्यायला उठायचा. काकांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं होतं. इन्स्टॉलेशन म्हणजे कसं, अगदी ठोस काम. काका स्वतः लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी दोर, कप्प्या आणि ब्रेक तपासण्यात घालवली होती. आख्खी इमारत त्यांना लिफ्टकाका म्हणे, आणि काकूंना, त्या शाळेत ग्रंथपाल असूनही, लिफ्टकाकू.

"छान," काका म्हणाले. "कशाचं करते? एसीचं, का मोठ्या यंत्रांचं?"

"तसलं नाही बाबा. कलेतलं. मराठीत मांडणशिल्प म्हणतात."

"मांडणी म्हण की. भांड्यांची ना? स्टीलची करते का लाकडाची?"

चिरंजीवांनी ताट बाजूला सारलं आणि फोनवर एक फोटो उघडून दाखवला. एका मोठ्या रिकाम्या खोलीत छताला शेकडो उशा टांगलेल्या होत्या आणि खाली एकच खुर्ची होती.

काकांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. "यातलं शिल्प कुठलं?"

"हे सगळं मिळून."

"आणि पुतळा कधी आणून बसवणार?"

"पुतळा नाहीच आहे बाबा. हेच काम आहे. आता हिच्यासारखे पुष्कळ लोक असं काम करतात."

काकांनी फोटो पुन्हा जवळ नेला. मग त्यांनी मनापासून विचारलं, "उशांचा भार कशावर घेतलाय?"

पुढच्या रविवारी तिचं नवं प्रदर्शन पाहायचं आणि मग शेजारच्याच उपाहारगृहात तिच्या आईवडिलांबरोबर जेवायचं, असा बेत ठरला होता. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. तिच्या आईचं काही म्हणणं नव्हतं. वडिलांचा मात्र ना धड नकार होता ना धड होकार. "माणसं बघून ठरवू," एवढंच ते म्हणाले होते.

"म्हणजे आपली तपासणी आहे," काका म्हणाले. आजवर तपासणारे तेच असत, त्यामुळे त्यांना हे जरा जड गेलं.

चिरंजीवांनी सूचना दिल्या. "'हे काय आहे' असं विचारायचं नाही. 'आपल्या सुतारानंसुद्धा केलं असतं' असं म्हणायचं नाही. कुठे काही सैल दिसलं तरी आवळायचं नाही. आणि बाबा, प्लीज, कशालाही हात लावू नका. दारातच मोठी पाटी आहे तशी. तिच्या वडिलांसमोर शोभा व्हायला नको."

"मी काय लहान आहे का?"

काकूंनी चिरंजीवांकडे पाहिलं आणि चिरंजीवांनी पाण्याचा पेला उचलला.

काकूंनी शाळेतून आजकालच्या शिल्पकारांवरची दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि आठवडाभर काका त्यांत डोकं घालून बसले. घोड्यावरचे सेनापती आणि छातीपर्यंतचे पुढारी पाहायला मिळतील अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात एका बाईनं दालनभर पाव रचून त्यांना बुरशी येण्याची वाट पाहिली होती. एकानं मोडक्या छत्र्यांचं झाड उभारलं होतं. सुरुवातीला काकांना हसू आलं, मग राग आला. मग एका पानावर ते बराच वेळ रेंगाळले. एका शिल्पकार बाईनं गावातल्या लोकांकडून त्यांच्या जुन्या किल्ल्या मागून आणल्या होत्या आणि त्यांचा जमिनीपर्यंत लोळणारा पडदा केला होता.

"अगं, एवढ्या लोकांनी घराच्या किल्ल्या देऊन टाकल्या हिला," ते म्हणाले.

"ती घरं उरली नसतील त्यांची," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

काकांनी पुस्तक मिटलं. पण झोपायला जाण्यापूर्वी त्यांनी ते पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं, आणि मग पडदा कशाला अडकवलाय तेही पाहिलं.

रविवारी दोघं वेळेच्या आधीच पोचले. चिरंजीव मुलीला घ्यायला गेले होते आणि नंतर येणार होते. दालनाच्या दारात "कृपया कोणत्याही वस्तूस स्पर्श करू नये" अशी दरवाजाएवढी पाटी होती आणि तिच्या खाली, पाटी कमी पडू नये म्हणून, एक रखवालदार होता.

आत एकच गोष्ट होती: भिंत. दालनाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेली, चांगली जाडजूड. पलीकडे जायचं तर बाहेर पडून, व्हरांड्यातून वळसा घालून दुसऱ्या दारानं आत शिरावं लागे. भिंतीला जागोजागी गोल भोकं होती, कोपरापर्यंत हात जाईल एवढी, आणि प्रत्येक भोकात वेताची विणलेली नळी बसवली होती. बाजूला एका कागदावर बारीक अक्षरात बराच मजकूर होता. काकू तो वाचायला लागल्या. काका खाली वाकून भिंतीचा पाया बघायला लागले.

"पाया चांगला घेतलाय," ते परत येऊन कुजबुजले. त्यांना उगीचच अभिमान वाटला. "पोरीला कळतं. फक्त ही नळी मध्ये कशावर टेकवलीये, ते कळत नाही."

"कळायलाच हवं का?" काकू कागदावरून नजर न काढता म्हणाल्या.

काकांनी भोकाला डोळा लावला. आत काळोख होता. रखवालदार दारात एका बाईंची पिशवी भिंतीपासून लांब ठेववत होता. नुसतं टेकू आहे की नाही तेवढं बघायचं, असं मनाशी म्हणत काकांनी हात आत घातला.

वेत गुळगुळीत होता. मनगट गेलं, कोपर आलं, तरी टेकू लागेना. काकांनी बोटं आणखी पुढे सरकवली, आणि त्या बोटांना बोटं लागली. ऊबदार, जिवंत. आणि त्या बोटांनी काकांचा हात गच्च धरला.

लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून काकांनी उंदीर पाहिले होते, साप पाहिला होता. पण असं काही त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. त्यांनी हात जोरात मागे ओढला. पलीकडच्यानंही नेमका तेव्हाच ओढला. वेताची नळी दोघांच्या मनगटांवर करकचून आवळली. काकांनी पुन्हा हिसका दिला. ती आणखी आवळली.

"कोण आहे?" भोकाशी तोंड नेऊन काकांनी हळूच विचारलं.

जरा वेळानं, रांजणातून यावा तसा घुमत आवाज आला. "मी… प्रेक्षक आहे. तुम्ही?"

"मीसुद्धा."

"म्हणजे खरा हात आहे तर. मला वाटलं, यांत्रिक ठेवलाय. हल्ली काही सांगता येत नाही."

"मग धरलात कशाला?"

"घाबरून," पलीकडच्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

काकांमधला तपासनीस जागा झाला. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना धीर देण्याचंच काम केलेलं. शब्द आपोआप आले. "घाबरू नका. शांत उभे राहा. दाराला हात लावू नका. मदत येते आहे."

"कुठल्या दाराला?"

"ते सवयीनं आलं तोंडात."

पलीकडचा माणूसही आता सावरला होता. "तुम्ही हात ताठ धरलाय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "ढिला सोडा. एकदम ढिला. नाकानं श्वास घ्या. थोडंसं दुखेल." त्याच्या आवाजात असा काही विश्वास होता की काकांनी लगेच ऐकलं. आणि थोडंसं दुखलं.

एवढ्यात काकूंचं लक्ष गेलं. "अहो, असे का उभे आहात?"

"बघतोय."

"हात काढा बाहेर."

"निघत नाहीये."

काकू ओरडल्या नाहीत. ग्रंथालयात जन्म गेल्यामुळे त्या रागावायच्यासुद्धा हळू आवाजात. "कशात अडकलाय?"

"आत माणूस आहे. म्हणजे पलीकडे. त्याचाही अडकलाय."

"बाई आहे का पुरुष?"

"पुरुष."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या.

पावलं वाजली. रखवालदार समोर येऊन उभा राहिला आणि भिंतीत गेलेल्या हाताकडे पाहू लागला. "साहेब, स्पर्श करायचा नाही. पाटी आहे."

"ते स्पर्श करत नाहीयेत," काकू शांतपणे म्हणाल्या. "ते बघतायत. चष्मा घरी राहिलाय त्यांचा."

रखवालदारानं जरा विचार केला. चष्म्याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. तो परत जाऊन दारात उभा राहिला.

"मी बघून येते काय करता येतंय ते," काकू म्हणाल्या. "कुठे जाऊ नका."

"कुठे जाणार," काका भिंतीला म्हणाले.

काकूंना बराच वेळ लागला. दरम्यान एक तरुण जोडपं आलं आणि काकांना म्हणालं, "काका, जरा बाजूला होता का? भिंतीबरोबर फोटो काढायचा होता." काका बाजूला होऊ शकत नव्हते आणि का, ते सांगूही शकत नव्हते. शेवटी दोघांनी काकांसकट फोटो काढला, आभार मानले आणि जाता जाता मुलगी म्हणाली, "किती मन लावून बघतात ना हे लोक."

पुन्हा सगळं शांत झालं. हात तर हातात होताच. नुसतं उभं राहणं दोघांनाही अवघड वाटायला लागलं.

"तुम्ही कसे काय आलात इकडे?" पलीकडून विचारणा झाली.

काकांना चिरंजीवांच्या सूचना आठवल्या. होणाऱ्या सुनेचं नाव मध्ये आणणं धोक्याचं होतं. "बाहेर ऊन फार होतं. सावलीला म्हणून शिरलो. तुम्ही?"

"मी प्रसाधनगृह शोधत होतो."

"मिळालं?"

"नाही."

काकांना आता वेगळीच काळजी लागली. "मग आता कसं करायचं?"

"नाही, नाही. तशी घाई नाहीये," पलीकडचा माणूस लगबगीनं म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं आवाज खाली आणला. "एक सांगू? मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

हे ऐकलं आणि काकांचा आठवडाभराचा संयम सुटला. "मला तरी कुठे कळतंय. एक बाई म्हणे पाव रचते आणि बुरशीची वाट बघत बसते."

"काय सांगता?"

"पुस्तकात आहे. रंगीत फोटोसकट."

पलीकडच्यानं मोठा सुस्कारा टाकला. "आमच्या ओळखीत एक मुलगी आहे. शाळेपासून हुशार. हात इतका स्थिर की काय सांगू. काहीतरी उपयोगाचं करू शकली असती. पण तिनं मातीत हात घातला तो घातलाच."

"घरच्यांनी वेळीच अडवायला हवं होतं."

"अडवलं," पलीकडचा माणूस म्हणाला. "म्हणजे, अडवलं होतं असं ऐकलंय. तिनं ऐकलं नाही."

"आणि ही भिंत जिनं कुणी बांधलीये ना," काकांना आता चेव आला होता, "तिला एक दिवस लिफ्टमध्ये कोंडून ठेवायला पाहिजे. म्हणजे अडकणं कशाला म्हणतात ते तिला कळेल."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पलीकडच्या बोटांची पकड ढिली झाली.

"तिचा तरी काय दोष," मग आवाज आला, जरासा पडलेला. "असं होईल हे ठाऊक नसेल तिला."

"नसेलच," काका घाईघाईनं म्हणाले. मनाला लागलं होतं, म्हणून ते भरपाई करायला लागले. "तसं काम उत्तम आहे हो. पाया बघा कसा घेतलाय. आणि ही वीण. सगळी एका हाताची वाटते. एवढी आवळलीये, पण कुठे टोक टोचत नाही. बोट फिरवून बघा."

दोघांनी काळोखात बोटं फिरवून पाहिली.

"खरंच की," पलीकडचा माणूस हळूच म्हणाला. "फार बारीक काम आहे." नंतर कितीतरी वेळ तो वेतावरून बोट फिरवतच होता. काकांना ते जाणवत होतं.

काकू परतल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बाटली होती. "एका बाईंकडे लोशन मिळालं," म्हणत त्यांनी ते भोकात भरपूर ओतलं. गुलाबाचा वास दालनभर पसरला. हात निघाला नाही. थोड्या वेळानं पलीकडून विचारणा झाली, "काहीतरी गार आलंय. काय आहे?"

"लोशन," काका म्हणाले.

"बरं आहे. हात फार कोरडे पडतात माझे, सारखे धुवावे लागतात."

"कात्री देऊ का?" काकूंनी पर्स उघडली. "वेत थोडासाच कापावा लागेल."

"नको," काका एकदम म्हणाले. पण त्यांच्याही आधी भिंतीपलीकडून "नको" आलं होतं, जवळजवळ दटावल्यासारखं. "कापायचं नाही. कुणाच्या तरी पोरीनं बसून विणलंय ते. मी संध्याकाळपर्यंत उभा राहीन."

काकांना या माणसाबद्दल अचानक आपलेपणा वाटला. "मीही राहीन," ते म्हणाले. बाहेर भेटला असता तर याला घरी चहाला बोलावलं असतं, असंही त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. "हो, आलोय कधीच. आतच आहोत," त्या फोनवर म्हणाल्या. "या ना दोघं. आम्ही इथेच उभे आहोत."

"त्यांना कशाला बोलावलंस?" काका कसेबसे कुजबुजले. एकच गोष्ट करू नका म्हणून मुलानं सांगितलं होतं, आणि तीच करून ते सुनेच्या भिंतीत कोपरापर्यंत अडकले होते. दार उघडल्याचा आवाज झाला. चिरंजीवांचं बोलणं ऐकू आलं, आणि एका मुलीचं.

"पुढे सरका," काकू घाईनं पुटपुटल्या. "आणखी पुढे. भिंतीला अगदी टेकून उभे राहा, म्हणजे हात दिसणार नाही."

काकांनी खांदा भिंतीला लावला आणि हात होता होईल तेवढा आत रेटला. पलीकडूनही कुणा बाईंची कुजबुज ऐकू आल्यासारखी वाटली, आणि तो हातही एकदम पुढे आला. दोन तळवे एकमेकांवर आपटले. त्यासरशी नळी फुगल्यासारखी झाली, आवळलेला वेत सैल पडला आणि काकांचा हात लोण्यातून निघावा तसा अलगद बाहेर आला.

पलीकडे कुणाची तरी पावलं भरभर दाराकडे गेली. प्रसाधनगृहाकडे असणार, असं काकांना वाटलं. मनगटावर वेताच्या विणीची जाळी लालभडक उमटली होती. त्यांनी शर्टाची बाही ओढून बटण लावलं, कपाळ पुसलं आणि वळून, फार दिवसांनी श्वास घेतल्यासारखे, मुलाकडे बघून हसले.

"हात नाही ना लावलात?" चिरंजीवांनी आधी तेच विचारलं.

"छे," काका म्हणाले.

मुलगी बुटकीशी होती, नखांत माती होती. ती चांगलं बोलत होती, पण तिचे डोळे थकलेले वाटत होते. "आईबाबा पुढे गेलेत," ती म्हणाली, आणि सगळे उपाहारगृहाकडे निघाले.

टेबलाशी तिची आई प्रसन्न चेहऱ्यानं बसली होती. शेजारी उंचसे, बारीक मिशांचे वडील उभे होते, उजवा हात कोटाच्या खिशात घालून. ते दाताचे डॉक्टर आहेत एवढं चिरंजीवांनी सांगितलं होतं. त्यांनी डावा हात पुढे केला. काकांनीही, बाही घसरेल या भीतीनं, डावाच पुढे केला.

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले. "असे ताठ का बसताय? एकदम ढिलं सोडा."

आवाज ओळखीचा होता. भिंत नसल्यामुळे आवाज घुमत नव्हता, एवढाच काय तो फरक. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, खिशातल्या हाताकडे पाहिलं, आणि गांगरून त्यांच्या तोंडून गेलं, "घाबरू नका. शांत बसा."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ते खुर्चीवर टेकले. टेबलावर गुलाबाचा मंद वास दरवळत होता.

सूप आलं. दोन्ही बापांनी ते डाव्या हातानं प्यायला सुरुवात केली. एकाच्या डोक्यात लिफ्टमध्ये कोंडायची भाषा घुमत होती, दुसऱ्याच्या डोक्यात प्रसाधनगृह. यानं तोंड उघडलं तर आपलं काय होईल, याच विचारात दोघांचंही निम्मं सूप बशीत सांडलं.

"बाबा, डाव्या हातानं काय जेवताय?" चिरंजीवांनी विचारलं.

"मेंदूला व्यायाम होतो," काका म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टर लगेच म्हणाले. "आम्ही पेशंटनाही सांगतो."

काकांनी कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"काम आवडलं का?" मुलीनं विचारलं. सूचना आठवून काका योग्य शब्द शोधत होते, पण ती थांबली नाही. "नसलं आवडलं तरी चालेल. ते फसलंच आहे. भोकात हात घालायचा, हेच तर काम होतं. दोन्ही बाजूंनी दोन अनोळखी माणसांनी. नळी अशी विणलीये की दोघांनी हात मागे ओढले तर आवळते, आणि दोघंही पुढे आले तरच सुटते. पण दारात ती पाटी आहे आणि खाली तो रखवालदार. पाटी काढायला ते तयार नाहीत. प्रदर्शन लागल्यापासून एकाही माणसानं हात घातलेला नाही. एकानं तर पेपरात लिहिलं की ही भिंत माणसाला लांब ठेवते." ती पानातल्या पावाचे तुकडे करत राहिली. "मी आता हे सोडायचं म्हणतेय. बाबा म्हणतात तसं दवाखान्यात येऊन बसते. कवळ्या करायला माझा हात चांगला आहे."

डॉक्टर इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहत होते ते त्यांच्यासमोर वाढून आलं होतं. त्यांनी सुपाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला, बाही कोपरापर्यंत मागे सारली आणि मनगट टेबलावर ठेवलं. त्यावर वेताची जाळी उमटली होती.

मुलगी बघतच राहिली.

एकट्या माणसाला असं उघड्यावर ठेवणं काकांना बरं वाटेना. त्यांनीही बाहीचं बटण काढलं आणि आपलं मनगट डॉक्टरांच्या मनगटाशेजारी ठेवलं. वीण तीच होती.

"बाबा," चिरंजीव म्हणाले. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

पण मुलगी दोन्ही मनगटं हातात घेऊन बसली होती. ती कधी हे बघे, कधी ते बघे. तिचं नाक लाल झालं आणि ती हसायला लागली, आणि हसणं थांबवताच येईना. "दोघं एकाच नळीत? किती वेळ होतात?"

"बराच," काका म्हणाले.

"सुटलात कसे?"

"पुढे सरकून," डॉक्टर म्हणाले.

"मग एवढा वेळ बोललात काय एकमेकांशी?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला. डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"विणकामाबद्दल," काका म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले. "वीण फार बारीक आहे. एवढी आवळली, पण कुठे टोचली नाही. तुला सांगायचंच होतं." मग त्यांनी चमचा उजव्या हातात घेतला. "आणि दवाखान्यात तुला बसायला जागा नाही. खुर्ची एकच आहे. तू आपलं भिंतीचं बघ. जेवण झालं की त्या पाटीबद्दल बोलायला मीही येतो."

"मीही येतो," काका म्हणाले. "अशा पाट्या मी आयुष्यभर लावल्यात. त्या काढायच्या कशा तेही मला ठाऊक आहे."

जेवण छान झालं. निरोप घेताना डॉक्टरांनी चिरंजीवांच्या पाठीवर थाप मारली आणि "माणसं बघून झाली," एवढंच म्हणाले. चिरंजीवांना ते कळायला जरा वेळ लागला.

घरी परतताना काकांची पावलं हलकी पडत होती. "थोडक्यात वाचलो गं," ते म्हणाले. "तो त्यांचाच हात निघेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"लोशन बघायला म्हणून मी पलीकडे गेले तर डॉक्टरीणबाई नवऱ्याशेजारी उभ्या. नाव विचारलं तेव्हा कळलं कोण ते. आम्ही दोघी बाहेर जाऊन बोललो. लोशन त्यांचंच."

काका चालायचे थांबले. "आणि सुटायचं कसं, तेही माहीत होतं?"

"कागदावर लिहिलं होतं. तुम्ही पाया बघत होतात तेव्हा मी वाचलं."

"मग सांगायचं नाही का?"

"लगेच सांगितलं असतं तर आपापले हात पुसत निघून गेला असतात दोघं. आणि जेवताना तुम्ही दोराबद्दल बोलला असतात, ते किडलेल्या दाढांबद्दल. त्यापेक्षा म्हटलं, होऊ दे ओळख. आम्ही कॉफी प्यायलो तोवर."

काकांनी रागवायचा प्रयत्न केला, पण काही केल्या राग येईना. ते पुन्हा चालायला लागले. "एवढा वेळ कॉफीच पीत होतात?"

"तारीखही ठरवली."

"कसली?"

"लग्नाची."

"मुलांना सांगितलंत?"

"सावकाश सांगू," काकू म्हणाल्या. "आधी त्यांना एकमेकांना विचारू तर द्या."